ओल उजवीकडे, गळती पायाशी

मी सात नंबर बोलतोय, गोल्फच्या काठ्यांमधला. गोल्फच्या पिशवीत मला बरीच भावंडं आहेत. कुणी चेंडू लांब फेकतं, कुणी तो वाळूतून उचलतं, कुणी नुसतंच हळूच ढकलतं. पण शिकणाऱ्याच्या हातात सगळ्यांत आधी देतात ते मला. त्यामुळे माणसांच्या चुका जेवढ्या मी पाहिल्या आहेत, तेवढ्या क्वचितच कुणी पाहिल्या असतील. पाहिल्या कसल्या, तोंडावर झेलल्या आहेत!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेलं पोलाद साच्यात ओतलं, घासलं, पॉलिश केलं आणि तळाशी सातचा आकडा ठोकला. शेवटी एका बाईंनी माझ्या तोंडाचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूचा, कल मापाने तपासला. शेजारणीला त्या म्हणाल्या, "हा बघ, केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही." ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. चेंडू वाकडा गेला की लोक माझ्याकडे डोळे वटारून बघतात. तेव्हा मला त्या बाई आठवतात आणि मी मान ताठ ठेवतो.

माझे पहिले मालक दाताचे डॉक्टर होते. त्यांनी मला दोनदा चालवलं. पहिल्यांदा सरावाची चटई फाटली, दुसऱ्यांदा त्यांचा घोटा सुजला. मग तीन वर्षं मी कपाटात, छत्र्यांच्या मागे उभा होतो.

एक दिवस त्यांच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली म्हणून प्लंबर आला. ओल खिडकीखाली होती, त्यामुळे खिडकीतूनच पाणी येतं असं सगळ्यांचं ठाम मत होतं. प्लंबरने मात्र भिंतीला कान लावला, इथे तिथे ठोकून पाहिलं आणि पार दाराजवळची एक फरशी काढली. तिथला सांधा गळत होता.

"डॉक्टरसाहेब, ओल दिसते तिथे गळती नसते," तो म्हणाला. "पाणी वाट काढत काढत येतं. तुमच्याकडे नाही का, दुखतो कान आणि किडलेली असते दाढ?"

डॉक्टर इतके खूश झाले की कपाट सरकवताना मी दिसताच म्हणाले, "ही अख्खी पिशवीच घेऊन जा. इथे बिचारी छत्र्यांना सोबत करतेय."

अशा रीतीने मी प्लंबरच्या घरी आलो आणि माझ्या आयुष्याचं सोनं झालं.

प्लंबरला एक मुलगी होती. तेव्हा ती दहा वर्षांची होती. फारच कमी बोलायची. पाहुणे विचारायचे, "हिची जीभ मांजराने नेली का?" पण तिचे डोळे सगळं टिपायचे. शाळेतल्या खेळाच्या बाई गावाबाहेरच्या सरावाच्या मैदानावर शनिवारी गोल्फ शिकवत. मुलगी आधी महिनाभर नुसती त्यांचे हात बघत राहिली आणि मग तिने मला उचललं. वर्षभरात तिचा चेंडू माझ्या तोंडाच्या नेमक्या मधोमध बसायला लागला. त्या वेळी जो आवाज येतो ना, तो ऐकण्यासाठीच मी जन्मलो असं मला वाटतं.

तिचं झालं की शेजारच्या चटईवर तिचे बाबा मलाच घेऊन खेळायचे. त्यांचा चेंडू मात्र आधी डावीकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेत घरी काहीतरी विसरल्यासारखा गर्रकन उजवीकडे वळायचा. उजवीकडे झुडपं होती. त्यांत बाबांचे इतके चेंडू गेले की लोक त्या झुडपांना 'प्लंबरचं गोदाम' म्हणायला लागले.

सल्ले द्यायला तर मैदानावर रांगच लागायची. एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांचं नावच 'डोकंखाली काका' पडलं होतं, कारण कुणाचाही फटका चुकला तरी त्यांचं निदान एकच.

"डोकं खाली! डोकं वर येतंय तुमचं!"

बाबांनी डोकं इतकं खाली घातलं की चेंडू कुठे गेला ते त्यांना दिसेना. गेला होता उजवीकडेच. मग कुणी म्हणालं हात सरळ ठेवा, कुणी म्हणालं जोर कमी करा. बाबांनी सगळ्यांचं ऐकलं आणि शेवटी स्वतःच एक उपाय शोधला. चेंडू उजवीकडे जातो ना? मग आपण डावीकडे नेम धरायचा! पुढच्या आठवड्यात आणखी डावीकडे. होता होता ते चक्क गाड्या लावायच्या जागेकडे तोंड करून उभे राहायला लागले. ते आले की मैदानाचा चौकीदार स्वतःची सायकल आधी हलवून ठेवायचा.

खरी गोष्ट मला माहीत होती. पाय डावीकडे वळले की खांदे वळतात. खांदे वळले की हात मला बाहेरून आत ओढतात आणि मी चेंडूला सरळ न मारता तिरका कापत जातो. त्यात बाबांची पकड! पाना धरावा तशी उजव्या हाताने गच्च, डावा हात नुसता नावाला. त्यामुळे माझं तोंड उजवीकडे उघडंच राहायचं. चेंडू फिरकी घेऊन उजवीकडे वळायचा. जितका नेम डावीकडे, तितकी वळणं जास्त. औषधानेच दुखणं वाढत होतं, आणि शिव्या खात होतो मी.

दरवर्षी मैदानावर 'मूल आणि पालक' अशी स्पर्धा व्हायची. दोघांत चेंडू एकच. एक फटका मुलाने मारायचा, पुढचा पालकाने, असं करत कमीत कमी फटक्यांत चेंडू झेंड्याजवळच्या होलमध्ये, म्हणजे खळीत, घालायचा. सोळा वर्षांपर्यंतच भाग घेता यायचा. ती पंधराची असताना आम्ही शेवटून पहिले आलो. मुलगी चेंडू मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवायची, बाबा तो गोदामात जमा करायचे, मग ती झुडपांत शिरून तो बाहेर काढायची. तिच्या हातांवर ओरखडे उठले होते. तिने ते बाहीखाली झाकले. बाबांनी मात्र ते ओरखडे पाहिले.

पुढच्या वर्षी ती सोळाची झाली. म्हणजे हे शेवटचं वर्ष. अर्ज फ्रिजच्या दारावर लावलेला होता.

"पालक म्हणून मामाचं नाव लिही," जेवताना बाबा म्हणाले. "तो बरा खेळतो. माझ्यापायी तुझं नुकसान नको."

"अहो, पण तिला काय हवंय ते तिला विचारलंत का?" आई म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? हात बघितले होतेस ना गेल्या वर्षी?"

मुलीने ताट उचलून मोरीत नेलं. पण त्या रात्री तिने अर्जावर नाव लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा होता. मामाबरोबर जिंकण्यापेक्षा तिला बाबांबरोबर खेळायचं होतं, हे कोपऱ्यात उभ्या असलेल्या मला कळत होतं. बाबांना ते कोण सांगणार?

शनिवारी तिने बाईंना हळूच विचारलं, "बाबांचं नेमकं काय चुकतं ते मला दिसतं. पण मी कसं सांगू? ते बाबा आहेत."

बाई हसल्या. "ते कोणाचं ऐकतात?"

मुलीने विचार केला. "ऐकतात सगळ्यांचं. पण पटतं फक्त पाइपांचं."

रविवारी सकाळी ती बाबांच्या गाडीतून दोन सरळ पाइप, पाइपला गुंडाळायच्या फोमचा तुकडा आणि खडूची भुकटी घेऊन आली. आधी तिने माझ्या तोंडाला भुकटी लावली.

"त्याला काय नटवतेस? लग्नाला चाललाय का तो?" बाबा म्हणाले.

"मारा ना तुम्ही एक फटका."

बाबांनी मारला. चेंडू गोदामात. मुलीने मला उलटं करून त्यांच्यापुढे धरलं. पांढऱ्या भुकटीत चेंडूचा ठसा उमटला होता, पण मधोमध नाही, पार दांड्याजवळ, माझ्या टाचेकडे. मग तिने बाबांना जागेवरून हलू दिलं नाही. एक पाइप त्यांच्या बुटांच्या टोकांना लावून ठेवला आणि दुसरा चेंडूपासून सरळ झेंड्याच्या दिशेने. त्यांना मागे नेऊन उभं केलं.

दोन पाइप दोन गावांना चालले होते.

"बाबा," ती म्हणाली. "ही पायांजवळची लाईन तुम्ही टाकली असती, तर पाणी कुठे गेलं असतं?"

बाबा वाकले. एक डोळा मिटून पाइपावरून पाहिलं. रोज करायचे तसंच.

"शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात," ते हळूच म्हणाले.

"लेव्हल लावल्याशिवाय तुम्ही दोन वितींचा पाइपसुद्धा बसवत नाही. आणि इथे नुसत्या अंदाजाने उभे राहता. चेंडू उजवीकडे जातो ती ओल आहे, बाबा. गळती इथे आहे. पायाशी. आणि हातात."

इतकं लांब बोलणं मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. बाबांनीही नसावं. त्यांनी दोन्ही पाइपांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, आणि मी चार वर्षं खिडकीच बदलतोय!"

त्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. दोन्ही पाइप समांतर. पाय पाइपाला चिकटून. चेंडू डाव्या पायासमोर सरकला होता, तो मधल्या जागी आला. डाव्या हाताची पकड जरा वळवली, वरून बघितलं की बोटांच्या दोन-तीन पेरांचे उंचवटे दिसतील इतकी. गच्च पकडीवरही मुलीने इलाज काढला.

"प्लास्टिकच्या नळाची आट्यांची जोडणी कशी बसवता?"

"हलक्या हाताने. जोर लावला तर चिरते."

"मग ही काठीसुद्धा चिरणारी आहे असं समजा."

माझ्यासारख्या पोलादाला प्लास्टिक म्हणाली! पण खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा श्वास मोकळा झाला.

फोमचा तुकडा तिने चेंडूच्या पलीकडे, चार बोटं अंतरावर ठेवला. मी बाहेरून आत आलो की आधी फोमला लागणार. पहिल्या दिवशी फोम चेंडूपेक्षा लांब गेला. दुसऱ्या दिवशी बाबांचे फटके आधीपेक्षाही वाईट झाले. एक चेंडू तर सरळ वर गेला आणि त्यांच्याच टोपीवर पडला. बाबा म्हणाले, "पोरी, मामाला फोन कर." मुलीने फोम उचलून परत जागेवर ठेवला, एवढंच. गुरुवारी संध्याकाळी सलग सहा फटक्यांत फोम जागचा हलला नाही. सहावा चेंडू निघाला तो अगदी किंचित उजवीकडे झुकला आणि झेंड्याजवळ उतरला. दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

शुक्रवारी मुलीने अर्ज काढून बाबांपुढे ठेवला. पालकाच्या जागी बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं, पाण्याच्या टाकीवर रंगवतात तशा ठळक अक्षरांत.

स्पर्धेत शेवटच्या होलपर्यंत सगळं नीट चाललं होतं. तिथे मुलीने पहिला फटका छान मारला. आता बाबांची पाळी. समोर झेंडा, उजवीकडे गोदाम. मी त्यांच्या हातात होतो, म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं. पकड आवळत चालली होती. डावा पाय हळूच मागे सरकत होता. जुनी सवय आली होती, न बोलावता.

मुलगी मागे उभी होती. बाकीच्या अकरा जोड्या आणि त्यांची घरची माणसं बघत होती. अशा गर्दीत ती कधी तोंड उघडत नाही. पण उघडलं.

"बाबा, पाणी कुठे जाईल?"

बाबा थांबले. खाली पायांकडे पाहिलं. मग खो खो हसले. मैदानात कुणालाच त्या हसण्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी पाय पुढे घेतला, बोटं सैल केली आणि मला फिरवलं.

तो आवाज! मधोमध बसल्याचा तो आवाज बाबांच्या हातून, इतक्या लोकांसमोर! चेंडू गोदामाकडे ढुंकूनही न बघता गेला आणि हिरवळीवर, झेंड्यापासून आठ पावलांवर थांबला.

आम्ही तिसरे आलो. बारा जोड्यांमध्ये तिसरे. घरी आईला सांगताना बाबांनी तो एक फटका केराचा झाडू घेऊन चार वेळा मारून दाखवला. डोकंखाली काका मात्र मैदानावर सगळ्यांना सांगत होते, "बघा, शेवटी डोकं खाली ठेवलं की नाही?"

आता मी म्हातारा झालोय. माझी मूठ दोनदा बदलली, सातचा आकडा पुसट झाला. मुलीला शाळेने नव्या काठ्या दिल्या. पण मी छत्र्यांच्या मागे नाही. शनिवारी ती बाईंच्या हाताखाली नवशिक्यांना शिकवते, तेव्हा पहिल्यांदा मलाच त्यांच्या हातात देते. बाबा पाइप मांडतात.

माझी एकच विनंती आहे. चेंडू वाकडा गेला तर मला जमिनीवर आपटू नका. मला उलटा करून माझं तोंड वाचा, मग स्वतःच्या पायांकडे बघा. मी कुणाच्या पाठीमागे बोलत नाही. जे आहे ते तोंडावरच दाखवतो.

गेल्या शनिवारी बाप-लेकीने माझ्या तोंडाला भुकटी लावून एकेक फटका मारला. बाईंनी मला उचलून पाहिलं. टाचेकडे बाबांची जुनी झीज आहे, ती आता जायची नाही. पण भुकटीत मधोमध दोन गोल ठसे होते, जवळजवळ एकावर एक.

"यातला तुझा कुठला आणि बाबांचा कुठला?" बाईंनी विचारलं.

मुलीने खूप निरखून पाहिलं. तिला, जिच्या नजरेतून काही सुटत नाही तिला, ते सांगता आलं नाही. मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही.