पद्माक्काची डावी बाजू

मार्गशीर्षातले ऊन पानमळ्यात थेट उतरत नाही. आधी ते शेवरीच्या झिरमिळ्या पानांवर थबकते, मग शेवग्याच्या फांद्यांतून निथळते, आणि वेलींच्या उभ्या, ओल्या, हरित भिंतींवरून घरंगळत जमिनीशी पोचते, तेव्हा ते ऊन उरलेलेच नसते. त्याचे हिरवे पाणी झालेले असते.

त्या हरितप्रभेच्या कडेला, मळ्याच्या तोंडाशी, डॉक्टर यामिनी कारखानीस अनवाणी उभी होती. पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत, एवढे तिला ठाऊक होते. पुण्याहून मिरज, मिरजेहून वडापाची जीप, पुढे बांधावरून पायी. साऱ्या वाटेने तिने एकच वाक्य मनात घोळवले होते. आता ते ओठांपर्यंत येईना.

समोर, गवती छपराच्या सावलीत, पद्माक्का मगदूम खुडलेली पाने निवडत बसली होती. मळा तिच्या भावाचा. पण पानांची निवड तिचीच. धुतलेल्या पानांचा ढीग उजवीकडे, चळत लावून बांधायच्या कवळ्या डावीकडे. तिच्या डाव्या कपाळावर नागिणीने ओढलेली तांबूस-काळपट नक्षी होती, आणि त्या नक्षीखाली डावा डोळा. दुधाळ, निश्चल, उघडा; काही न पाहणारा.

यामिनीने तो डोळा पाहिला, आणि मान खाली घातली.

नऊ वर्षे पद्माक्काच्या रक्तात एक विषाणू वस्तीला होता. त्याच विषाणूने तिचा नवरा दोन वर्षांत वाळवून, विझवून नेला. ती मात्र एकही गोळी न घेता उभी राहिली. त्या काळी नियमच तसा होता. रक्तातल्या रक्षक पेशी ठरावीक आकड्याखाली घसरल्या, तरच गोळ्या. पद्माक्काच्या पेशी घसरतच नव्हत्या. ती दर तीन महिन्यांनी मिरजेच्या दवाखान्यात येई, पदर सावरून दंड पुढे करी, आणि तिच्या रक्ताच्या नळ्या बर्फात बसून पुण्याला यामिनीच्या प्रयोगशाळेत जात.

कारण त्या रक्ताला काही तरी उमगले होते, जे जगात फार थोड्या रक्तांना उमगते.

तो विषाणू उघडा हिंडत नाही. त्याच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात, आणि त्या काट्यांवर साखरेच्या रेणूंची दाट, फांद्याफांद्यांची, मऊ लव. ही साखर त्याची स्वतःची नव्हे. ज्या पेशीत शिरतो, तिच्याच कोठारातून तो ती अंगावर चढवतो. म्हणून देहाचे पहारेकरी त्याला घरचाच समजतात आणि वाट सोडतात. काही पेशी तर त्या साखरेलाच हात घालून त्याला उचलतात, आणि जिथे देहाचे सैन्य तळ देऊन असते त्या गाठींपर्यंत आपल्या पायांनी त्याला पोचवून येतात.

पद्माक्काचे रक्त फसले नव्हते. तिच्या प्रतिपिंडांनी त्या लवेतली एक साखर अचूक हेरली होती, आणि नेमकी तीच मुठीत धरून विषाणूला वर्षानुवर्षे रोखून धरले होते.

आणि मग आषाढ आला. काचेबाहेर करडे आभाळ, आत संगणकाच्या पडद्यावर निळ्या-पिवळ्या रेषा. यामिनीला दिसले की विषाणूने एक साखर हलवली आहे. एकच. होती तिथून उचलून अवघ्या दोन घरांपलीकडे. प्रतिपिंडे जुन्या जागी जात होती, चाचपत होती, रित्या हातांनी परतत होती.

यामिनी आनंदली. तो आनंद खोटा नव्हता, क्षुद्रही नव्हता. असा पळ काढताना विषाणू आजवर तिच्या हाती लागला नव्हता. उद्याची लस कुठे नेम धरील, हे त्या दोन घरांच्या अंतरात लिहिलेले होते. तिने सहकाऱ्यांना हाका मारल्या. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पेढे आणले. आणि ती शोधनिबंध लिहायला बसली. आषाढ लिहिण्यात गेला, श्रावण लिहिण्यात गेला, भाद्रपद चित्रांचे रंग ठरवण्यात गेला.

तिने मिरजेला एक फोन केला नाही.

‘त्या बाईंना बोलवा, पेशी मोजा.’ एवढेच सांगायचे होते. पेशी मोजल्या असत्या, तर घसरलेल्या दिसल्या असत्या. घसरलेल्या दिसल्या असत्या, तर गोळ्या सुरू झाल्या असत्या. पण पद्माक्काची पुढची तारीख आश्विनातली होती, आणि त्या तारखेआधी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, तिच्या कपाळावर नागीण उठली. अशक्त रक्त पाहून ती पापणीत उतरली, बुबुळात शिरली.

कुणी यामिनीला दोष दिला नाही. नियमाप्रमाणे सारे झाले होते. डोळा कदाचित वाचला असता, कदाचित नसताही. त्या दोन ‘कदाचित’च्या मध्ये तिची झोप, तिचे जेवण, तिचे छापून आलेले नाव, सारे आंबट होऊन गेले होते.

“या की वो बाई,” पद्माक्का म्हणाली. “एवढ्या लांब आलासा? रक्त घ्यायला?”

“नाही, अक्का. सांगायला.”

आणि तिने सांगितले. साखरेचे सांगितले, काट्यांचे सांगितले, दोन घरांचे सांगितले. आषाढात कळले होते, हे सांगितले. फोन केला नाही, हेही सांगितले. तिने एकही शब्द गाळला नाही.

पद्माक्काचे हात थांबले होते. पाने ओलसर चकाकत होती. कुठे तरी पाटाचे पाणी वळले, आणि त्याचा आवाज वेलींमधल्या सरीतून सरपटत गेला.

“म्हंजे त्यानं पांघरलेली साखर माझीच?”

“तुमचीच, अक्का. तुमच्याच पेशींनी केलेली.”

“आन् तुम्हाला ते घावलं, तवा आनंद झाला?”

यामिनीला वाटले, नाही म्हणावे. थोडासा, म्हणावे. तिने त्या दुधाळ डोळ्याकडे पाहिले.

“झाला. फार झाला.”

“पेढे वाटलासा?”

“...वाटले.”

पद्माक्काच्या चेहऱ्यावर राग आला आणि स्थिरावला. तो ओरडणारा राग नव्हता, दुपारी तापलेल्या दगडासारखा मुका होता. मग ती म्हणाली, “खरं बोललासा, ते बरं केलं. पण माफ केलं म्हणून न्हाई सांगायची मी. डोळा माझा गेलाय.”

“ते मागायला आलेच नाही, अक्का.”

“मग ऐका. रक्त मी देणार. पोरीबाळींना लस मिळाली तर मला नको हाय व्हय? पण माझ्या रक्तात काय दिसलं, तर आधी मला सांगायचं. आन् मला एकटीलाच न्हवं, तुमच्याकडं रक्त देत्यात त्या समद्यांना. कागद मागनं.”

“आधी तुम्हाला,” यामिनी म्हणाली. “सगळ्यांना. त्याच दिवशी.”

“हं.”

उन्हे कलली. वेलींच्या भिंतींमध्ये सोनेरी धूळ तरंगू लागली. यामिनी निघावे की थांबावे या संभ्रमात तशीच उभी होती, तेव्हा पद्माक्काने डाव्या बाजूची कवळी चाचपली, उलटवली, आणि वैतागून जिभेचा आवाज केला.

“हिकडची डागी पानं दिसत न्हाईत मला. व्यापारी माघारी धाडतोय. गाडी यायला घटकाभर हाय तुमची. बसा हिकडं, डाव्या अंगाला.”

यामिनी बसली.

ओल्या गोणपाटावर, पद्माक्काच्या अंधाऱ्या बाजूला, पुस्तकांनी वाकलेली तिची मान पानांवर वाकली. ती एकेक पान उचलू लागली, उन्हाकडे धरू लागली. शिरा हिरव्या, शिरा पिवळसर, काठ अखंड, हे चांगले. कडेला करपा, पोटात तपकिरी ठिपका, हे बाजूला. पुन्हा एक. पुन्हा एक. सूक्ष्मदर्शकाची सवय झालेले तिचे डोळे कधी नव्हे ते भरून येत होते, आणि भरून आलेल्या डोळ्यांना डाग दिसत नव्हते. ती बाहीने डोळे पुसत होती, आणि पुन्हा पाहत होती.

एक डागी पान तिच्या नजरेतून निसटून कवळीत गेले. पद्माक्काच्या बोटांना ते कळले. बोटे कवळीत शिरली, खरखरीत कडेवर थांबली, आणि ते पान त्यांनी अलगद ओढून यामिनीच्या मांडीवर ठेवले.

“नीट बघा,” एवढेच ती म्हणाली.

यामिनी नीट पाहू लागली. प्रकाश कमी होत गेला, हिरवा रंग गडद होत गेला, काळसर होत गेला. आणि शेजारी शेजारी तीन डोळे पानांवर झुकून राहिले, झुकून राहिले.