रिकामा रकाना

अर्जात अकरा रकाने होते. दहा भरून होईपर्यंत माझा चहासुद्धा निवला नाही. अकरावा होता, "अर्जदाराने केलेली सत्कर्मे (किमान पाच)". खाली पाच ओळी आखलेल्या आणि त्याखाली सूचना, जागा न पुरल्यास मागील बाजूस लिहावे. मागील बाजूस! माझ्या वडिलांच्या सत्कर्मांना पुढच्या बाजूची अर्धी ओळसुद्धा जास्तच झाली असती.

अर्ज आमच्या लुथरन मंडळीच्या वृद्धाश्रमाचा होता. तिथे खाटा बारा, त्यातली एक रिकामी झालेली. ती कोणाला द्यायची हे शनिवारी दुपारी समिती ठरवणार होती. आणि सोमवारी पहाटे पाचला मला इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम म्हणून हजर व्हायचं होतं. चौदा वर्षं चादरींच्या गरम रोलरवर हात भाजून घेतले तेव्हा कुठे ही जागा चालून आली होती. खाट मिळाली तर मुकादमी. नाही मिळाली तर परत संध्याकाळची अर्धी पाळी, कारण तेवढा वेळच शेजारीण अप्पांकडे येऊन-जाऊन बघू शकते. पहाटे पाच ते दुपारी दोन त्यांना एकटं ठेवणं शक्य नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली.

अप्पा लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या आणि आता राहतात माझ्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. मी अकरा वर्षांची असताना ते एका सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन कामावर गेले आणि परत आले ते बारा वर्षांनी. तोवर आई लोकांचे कपडे शिवता शिवता संपली होती. दारात उभे राहिले तेव्हा पिशवी तीच होती. आत हत्यारांऐवजी बायबल होतं. कुठल्याशा इस्पितळात कोणीतरी दिलेलं. मी दार लावून घेतलं नाही, याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही.

त्याला आता सात वर्षं झाली. रोज सकाळी सात वाजता अप्पा टेबलाशी बसून त्या दिवसाचा उतारा मोठ्यानं वाचतात. आमच्या मंडळीचा एक छापील तक्ता आहे, दिवस पहिला ते दिवस तीनशे पासष्टावा. प्रत्येक घरात आणि प्रत्येक सभेत त्या त्या दिवशी तोच उतारा वाचायचा, आपल्या आवडीचा निवडायचा नाही. अप्पांचं तोंड वाकडं झाल्यापासून निम्मे शब्द ओठातच राहतात, पण वाचन चुकत नाही. वाचून झालं की म्हणतात, "कृपा आहे पोरी, सगळी कृपा."

एकदा त्यांना न्हाणीघरातून उचलून आणताना मी म्हटलं होतं, "हो ना. कृपा देवाची आणि कंबर माझी."

त्यावर ते इतके हसले की माझ्या हातून निसटतच होते.

तर तो रकाना. शुक्रवारी दादा आला. दादा माझा थोरला भाऊ, विमा कचेरीत कारकून, आणि अर्ज भरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. अप्पांना वर्षातून दोनदा भेटतो, तेही उभ्या उभ्या. खिशातून पेन काढलं आणि झराझरा लिहून मोकळा झाला. रविवारच्या शाळेत विनावेतन अध्यापन. चर्चच्या घंटेची दुरुस्ती. आजाऱ्यांच्या भेटी. तरुणांना व्यसनमुक्तीचे मार्गदर्शन. गरजूंना लिफ्टविषयक सल्ला.

"लिफ्टविषयक सल्ला कोणत्या गरजूला लागतो रे?" मी विचारलं.

"पाच हवेत ना? पाच झाले. कोण तपासायला बसलंय?"

अप्पांनी कागद मागितला. वाचला. मग उजव्या हातात पट्टी धरून ती कागदावर बसवली, पेन माझ्याकडून मागून घेतलं आणि पाचही ओळींवर सरळ रेघा मारल्या. लुळ्या हाताखाली कागद दाबून धरायचा म्हणून घामाघूम झाले, पण एकही रेघ तिरकी गेली नाही.

"खोटं आहे," ते म्हणाले.

दादाचा पारा चढला. "अप्पा, हिच्या नोकरीचा तरी विचार करा! एवढी वर्षं आमच्यासाठी काही केलं नाहीत, आता एक खोटं तरी आमच्यासाठी चालवून घ्या!"

"तुमच्यासाठी काही केलं नाही, हेच खरं आहे. ते लिही," अप्पा म्हणाले.

दादा दार आपटून गेला. मी भांडी घासायला घेतली आणि अशी घासली की एका कपाचा कान गेला. मला दादाचा राग आला नव्हता. मला अप्पांचा आला होता. सचोटी दाखवायला माणसाला आयुष्यात किती दिवस मिळतात, आणि यांना नेमका हाच सापडला!

शनिवारी दुपारी अप्पांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरले. ओल्या चादरींची गाठोडी उचलून सवय आहे, त्यात अप्पा वाळलेले. खाली चाकांची खुर्ची ठेवली होती. तीत बसवून त्यांना चर्चच्या मागच्या खोलीपर्यंत ढकलत नेलं. पिशवीत तो अर्ज होता, पाच रेघा मारलेला, आणि सोबत दुसरा, दहा रकाने पुन्हा भरलेला, फक्त अकरावा कोरा. तो कशासाठी घेतला ते मला पक्कं ठाऊक होतं. अप्पांना बाहेर बसवून गुपचूप भरायचा माझा बेत होता.

समितीत तिघंजण. अध्यक्ष, ज्यांना मंडळीत पाठीमागे सगळे तक्तेवाले काका म्हणतात, कारण चर्चच्या भिंतीवरचा एकूण एक तक्ता त्यांनी आखलेला आहे. सत्कर्मांचा रकाना हाही त्यांचाच शोध. दुसरे पाळकसाहेब, तरुण, सगळ्यांशी जमवून घेणारे. तिसऱ्या ऑर्गनवाल्या बाई. वीस वर्षं दर रविवारी ऑर्गन वाजवतात आणि आठवड्याचे बाकीचे दिवस कोणाशी फारसं बोलत नाहीत.

सभेची सुरुवात त्या दिवसाच्या वाचनानं व्हायची. अध्यक्षांनी याकोबाचं पत्र काढलं, विश्वासाबरोबर कृती नसेल तर तो विश्वास मेलेला आहे, तो भाग. घसा खाकरून ते वाचणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"ते उद्याचं आहे."

"काय म्हणालात?"

"याकोब उद्या. आज रोमकरांस पत्र, अध्याय चार."

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, आम्ही तक्त्याप्रमाणेच चाललोय. एक दिवस चुकलेला नाही."

"चुकला. यंदा लीप वर्ष. एकोणतीस फेब्रुवारीला आदल्या दिवशीचाच उतारा पुन्हा वाचायचा. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात दिलंय."

पाळकसाहेब उठले, भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेले आणि चक्क गुडघ्यावर बसून तळाची ओळ वाचू लागले. उठले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. फेब्रुवारीपासून अख्खी मंडळी, पाळकांसकट, एक दिवस पुढे पळत होती. फक्त तिसऱ्या मजल्यावरचा एक लुळा म्हातारा जागच्या जागी होता. ऑर्गनवाल्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. त्या खोकत नव्हत्या.

"मग तुम्हीच वाचा," पाळकसाहेब म्हणाले.

अप्पांनी वाचलं. सावकाश, अडखळत. मजुराला मिळते ती त्याच्या हक्काची मजुरी, ती काही कोणी मेहेरबानी केलेली नसते. पण ज्याच्यापाशी दाखवायला काम नाही आणि जो देवावर भिस्त ठेवतो, त्याचा विश्वासच देव जमेस धरतो. असा तो भाग. मी सात वर्षं हा आवाज ऐकत आले आहे, बहुधा भांडी घासताना नळ चालू ठेवून. त्या खोलीत नळ नव्हता.

मग अध्यक्षांनी अर्ज मागितला. पिशवीत दोन होते. मी अकरावा कोरा असलेला दिला.

"अकरावा रकाना रिकामा आहे, ताई."

"काही नाही तिथे लिहायला," अप्पाच बोलले. "मी बायकोला आणि दोन मुलांना टाकून गेलो होतो. परत आलो तेव्हा बायको नव्हती. तेव्हापासून ही मुलगी मला सांभाळते. मी कोणाला सांभाळलं नाही."

"पण याकोब काय सांगतो? नुसता विश्वास पुरत नाही म्हणतो!"

"बरोबरच सांगतो. याकोब आला की मला सकाळी सकाळी घाम फुटतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याला दाखवायला माझ्याकडे काही नाही, एवढंच."

अध्यक्ष काही वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी पेन गालावर टेकवलं, विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग हे वाचन? सात वर्षं रोज, एक दिवस न चुकता, तेही अशा तब्येतीत! हे सत्कर्म नाही तर काय? वाचन, प्रार्थना, निष्ठा... पाच सहज होतील. लिहा ताई, मी सांगतो."

खाट मिळाली होती. मला ती दिसत होती, पांढऱ्या चादरीसकट.

"नको," अप्पा म्हणाले. "भूक लागते म्हणून वाचतो. जेवलो म्हणून कोणी शाबासकी देतं का? ते लिहू नका."

"काका, हट्ट करू नका. नियमाप्रमाणे घरच्यांनी भरलं तरी चालतं. ताई, तुम्ही लिहा आणि सही करा."

पेन माझ्या हातात आलं. सगळे माझ्याकडे बघत होते, फक्त अप्पा बघत नव्हते. ते मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत होते. मी पहिल्या ओळीवर पेन टेकवलं आणि "रोज" एवढं लिहिलंसुद्धा.

आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. सात वर्षांचं वाचन एका बाजूला आणि बारा वर्षं दुसऱ्या बाजूला? आई मशीनवर डोकं टेकून झोपायची, ते या ओळीनं भरून निघणार? पाच ओळी भरल्या, अध्यक्षांनी सही केली, की झाली फिटंफाट? मला ती फिटंफाट नको होती. त्यांनी जे केलं ते कशानंही भरून येणार नाही. त्याला क्षमा असली तर असेल, नसली तर नसेल, पण ते फेडून झालं असं माझ्या हातानं मी लिहिणार नव्हते. मुकादमी गेली खड्ड्यात.

मी "रोज" खोडलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, "काही नाही." खाली सही केली.

"ताई, अहो हा तुमच्याच भल्याचा..."

"तुम्ही विचारता ना, हे खाटेच्या लायकीचे आहेत का? नाहीत. मी त्यांची मुलगी सांगते, नाहीत. मी रोज त्यांना धुते, पुसते, भरवते, ते काय लायक आहेत म्हणून? लायक बघून करायचं असतं तर सात वर्षांपूर्वीच दार लावून घेतलं असतं. लायक माणसांनाच खाट द्यायची असेल तर बाहेर पाटी लावा, की इथे पापी माणसांनी येऊ नये. मग रविवारी बघू, बाकावर कोण कोण उरतं ते."

माझा आवाज चढला होता. चढू दे म्हटलं. अप्पांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत आमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि त्याची कारणं अगदी उलटी होती.

पाळकसाहेब म्हणाले की मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. अध्यक्ष म्हणाले की नियम नियम आहे, खाट दुसऱ्या अर्जदाराला जाईल. आणि ती गेलीच. पुढच्या बैठकीची वाट कोणी पाहिली नाही.

घरी आलो. जिन्याशी खुर्ची लावली, अप्पांना पाठीवर घेतलं. पहिला मजला झाल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, "सोमवारचं काय ग?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"माझ्यामुळे गेलं."

"तुमच्यामुळे काही गेलं नाही. मी घालवलं. माझ्या सहीनं. गप बसा, दम लागतो."

दुसऱ्या मजल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. खालून पावलं आली, जड आणि रागावलेली. ऑर्गनवाल्या बाई वर येत होत्या. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात आमची चाकांची खुर्ची घडी करून धरलेली. ती मी खालीच विसरले होते.

"सोमवारी कामावर किती वाजता?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"पाचला. का?"

"साडेचारला येते. दोनपर्यंत थांबेन. मंगळवारीही येईन. रविवार सोडून रोज."

 नात्यागोत्यातल्या कोणीही जे म्हटलं नव्हतं ते ही बाई जिन्यात उभी राहून म्हणत होती. मला रडू आलं आणि पाठीवर अप्पा असल्यामुळे डोळेसुद्धा पुसता येईनात.

"बाई, पण तुम्ही कशाला..."

"भिंतीवरच्या तक्त्यात माझ्या नावापुढच्या रकान्यात त्या अध्यक्षानं काय लिहिलंय माहितीये? वीस वर्षं ऑर्गनची निःस्वार्थ सेवा! मला वाजवायला आवडतं म्हणून वाजवते मी. कसली सेवा आणि कसलं काय!" त्यांनी खुर्ची आमच्या पुढे तिसऱ्या मजल्याकडे चढवायला घेतली, दोन पायऱ्यांवर थांबल्या आणि मागे वळून माझ्यावर बोट रोखलं. "आणि हे समितीत कोणाला सांगितलंस, तर याद राख."