खालचा कंद

मित्रांनो, मी जुना आहे की यंदाच जन्मलो, हे मला स्वतःलाच धड सांगता येत नाही. मी ग्लॅडिओलसचा कंद. उंच दांड्यावर ओळीने लागलेली आमची फुलं तुम्ही पाहिली असतील. आमच्यात दरवर्षी एक गोष्ट घडते. लावलेला कंद उन्हाळाभर आपल्या डोक्यावर नवा कंद बांधतो, जवळचं सगळं त्याला देऊन टाकतो आणि स्वतः खाली चिपाड होऊन राहतो. तरी मला मागचं सगळं आठवतं. ते कसं, ते विचारू नका.

सुरुवातीला मी वाटाण्याएवढा होतो. रोपवाटिकेतल्या माळ्याने मोठे कंद विकले आणि तळाशी उरलेली आम्ही पिल्लं एका काकूंच्या हातावर फुकट ठेवली.

"फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतील, बाई," तो म्हणाला.

"मला कुठे जायचंय?" काकू म्हणाल्या.

हिवाळ्यात माती गोठते अशा थंड मुलखातली त्यांची बाग लहान होती, पण भिंतीकडेच्या वाफ्यावर दिवसभर ऊन असायचं. गारठा संपला की काकू चार बोटं खोल खड्डा करायच्या, आम्हाला कोंब वर करून ठेवायच्या आणि अंगठ्याने दाबायच्या. एकदा काकांनी हौसेने एक रांग लावली, ती सगळी उलटी. "शीर्षासन घातलंत की त्यांना," म्हणत काकू किती वेळ हसत होत्या. त्यानंतर काकांनी खड्डे खणायचे आणि काकूंनी लावायचं, असं ठरून गेलं.

थोडीफार थंडी आम्ही सोसतो, पण माती गोठली की आमचं आतून पाणी होतं. म्हणून पानं पिवळी पडली की काकू आम्हाला बाहेर काढायच्या. सावलीत वाळवायच्या. मग खालचं चिपाड पिळून तोडायच्या आणि मागे वळून न बघता खताच्या ढिगावर टाकायच्या. आम्ही जायचो काकांच्या लोकरी मोज्यात.

"अगं, त्याला अजून एकच भोक पडलंय."

"तेवढंच हवं. कंदांना हवा लागते."

गेल्या वेळी काकू बुटक्या स्टुलावर बसून लावत होत्या. हात बारीक झाले होते. मला दाबायला त्यांना दोनदा जोर करावा लागला. माझा दांडा वर आला, तेव्हा काकू नव्हत्या.

त्यांच्या चपलांचा आवाज मला मातीतूनही कळायचा. डावी टाच त्या घासत चालायच्या. त्या गेल्यावर काही दिवसांनी तोच आवाज पुन्हा आला. वाफ्यापाशी थांबला. मी सगळ्या मुळांनी कान दिला. पण वजन जास्त होतं. काका त्यांच्या चपला घालून आले होते, टाचा मागे मातीला टेकत होत्या. मग ते रोज तसेच येऊ लागले. खुर्ची टाकून बसायचे. काकू खालची दोन फुलं उमलली की दांडा कापून घरात न्यायच्या. यंदा कोणी कापला नाही. फुलं जागीच सुकली.

पानं पिवळी पडली. सकाळी गवत पांढरं दिसू लागलं. मग काकूंची धाकटी बहीण आली.

"भाऊजी, कंद काढायला हवेत. आज-उद्या माती गोठेल."

"राहू देत."

"राहू देत काय? कुजतील सगळे."

"तिनं ठेवलेत ते. तिच्या हातचं एवढंच उरलंय. मी उपसणार नाही."

ती खाली बसली आणि हातांनीच माती उकरू लागली. "अगं, ऐक," काका म्हणेपर्यंत मी बाहेर आलो होतो. तिने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे बघा. ताईनं लावला तो हा, खालचा."

"हे चिपाड?"

"हो. वरचा आहे ना, तो ताईनं बघितलेलाही नाही."

मित्रांनो, तोवर मलाही वाटत होतं की तो अंगठा माझ्यावरच पडला होता.

काकांनी मला कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. मग खणायचा काटा आणला. "लांब रोवा, नाहीतर भोसकाल," मेहुणी म्हणाली. तरी दोघे-तिघे भोसकले गेलेच. अंधार पडायच्या आत वाफा रिकामा झाला.

वाळल्यावर आमची चिपाडं मात्र काकांनी तोडली नाहीत. तशीच मोज्यात भरली. कोठीच्या खोलीत आम्ही टांगलेले असताना त्या चिपाडात ओल धरली, बुरशी आली, आणि ती हळूहळू माझ्याकडे चढू लागली. शेजारचा कंद मऊ पडला. रोज चपला घासत यायच्या, मोज्यावरून हात फिरायचा आणि परत जायच्या.

एके दुपारी काकांच्या हाताला तो मऊ कंद लागला. त्यांनी मोजा उतरवला आणि मला मांडीवर घेतलं. एक अंगठा माझ्यावर, एक खाली. हात थांबले. मग त्यांनी पिळलं.

मला वाटलं, आता सगळं विसरेन. तसं झालं नाही. काका ते चिपाड घेऊन ढिगापर्यंत गेले, उभे राहिले, आणि मूठ मिटूनच परत आले. मग बसून बाकीचे तोडू लागले, एकाच हाताने, मांडीत धरून.

मित्रांनो, तुमच्याकडे आमच्यासारखे कंद असतील तर माती गोठायच्या आधी त्यांना काढा. खालचं तोडा. फुलं आली की दांडा कापून घरात न्या, तिथे कोणीतरी त्यांच्याकडे बघेल. आणि घरात कोणी मूठ मिटून बसलेलं दिसलं, तर आत काय आहे ते विचारू नका. शेजारी बसा आणि त्यांच्याबरोबर कंद साफ करू लागा.