बासष्ट कापडांची पेटी

आराबा एशुनच्या हाताला गुण होता, असं घानाच्या राजधानीत, अक्रातल्या सरकारी चित्रविभागात सगळेच म्हणत. फिल्मचे दोन तुकडे ती असे काही जोडायची की बघणाऱ्याला सांधा सापडत नसे. असा गुण माणसाचं भलं करतो अशी आपली समजूत असते. आराबाचीही होती, ती त्या वर्षीच्या मार्चपर्यंत.

ते वर्षच वाईट होतं. पाऊस पडला नव्हता, कोकोच्या बागा वणव्यात गेल्या होत्या, आणि दुकानांत साबण नव्हता, डबाबंद दूध नव्हतं, काही नव्हतं. बायका पहाटेपासून रांग लावत आणि दुपारी रिकाम्या पिशव्या घेऊन परतत. अशात नव्या सरकारला एक माहितीपट हवा होता. विषय महागाई, लांबी चाळीस मिनिटं, आणि संकलन अर्थातच आराबाकडे.

तिने पहिला जो आराखडा जुळवला त्यात विद्यापीठातले एक प्राध्यापक होते. जगाच्या बाजारात कोकोचा भाव कसा पडला, बाहेरून माल आणायला परकीय चलन का उरलं नाही, सरकारं भाराभर नोटा का छापतात आणि मग काय होतं, हे त्यांनी सहा मिनिटांत नीट समजावलं होतं. आराबाला ते आवडलं होतं. बिचारीला वाटलं, लोकांना कळलं की झालं.

तो बघायला सरकारी समितीचे कॅप्टन आले. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. बूट चकचकीत, हातात शेंगदाण्यांची पुडी, आणि समोरच्या बाईला सिस्टर म्हणायची पद्धत. दिवे लागल्यावर त्यांनी एक शेंगदाणा सोलला.

"सिस्टर आराबा, प्राध्यापक बोलतात ते खरं आहे?"

"हो सर. अगदी खरं."

"मग ते ऐकून लोकांना राग कुणाचा येईल?"

आराबाने यंत्रावरचं रीळ काढायला घेतलं.

"पावसाला कोण दगड मारणार? लंडनच्या भावफलकाला कोण जाब विचारणार?" कॅप्टन हसले. "आकड्याला तोंड नसतं, सिस्टर. लोकांना तोंड दाखवा. प्राध्यापकांना ठेवा वीस सेकंद. ते नाक खाजवतात ना, तेवढं."

आराबाने ते केलं. तिला हसूही आलं, हे कबूल करायला हवं. इतक्या मोठ्या विद्वानाचं फक्त नाक खाजवणं उरलं आणि ते इतकं बेमालूम बसलं की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे खिदळले.

राहिलं तोंड. ते छायाचित्रकार सेलोर्मने किनाऱ्यावरच्या सॉल्टपाँडहून आणलेल्या डब्यात निघालं. तिथल्या मच्छीगल्लीत मासे धुरावर सुकवून विकणारी एक बाई होती, एना ब्रूवा, साठीची, अंगाने भरलेली. आपल्याकडच्या बायकांवर फिल्म काढतोय, असं सेलोर्मने तिला सांगितलं होतं, आणि तिने कौतुकाने आपली कापडांची पेटी उघडून दाखवली होती. मेणछापाची कापडं, एकावर एक, कडक घड्यांची. बासष्ट.

आराबा स्वतः त्याच किनाऱ्यावरच्या फान्ती लोकांतली. तिच्या आईची पेटी होती, आजीची होती. पेटीवरून बाईची किंमत होते, आणि बाई गेली की तीच कापडं लेकीसुनांच्या अंगावर येतात. ध्वनिफितीत एना ब्रूवा एकेक कापड उचलून सांगत होती: हे थोरल्याच्या जन्माचं, हे नवऱ्याने माफी मागताना आणलं होतं, हे धाकटी गेली त्या वर्षीचं, आणि हे तळाचं पांढरं माझ्या स्वतःच्या शेवटच्या दिवसाचं. मग सेलोर्म काहीतरी चावट बोलला असावा, कारण ती मान मागे टाकून खदखदून हसली, सगळे दात दिसेपर्यंत.

आराबाने ते हसणं तीनदा पाहिलं. दुसऱ्या डब्यात रांगेतली एक तरुण आई होती, हातात दुधाचा रिकामा डबा उलटा धरलेली. कॅप्टनने काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. आराबाने आपणहून पेटीची कड कापली, घर कापलं, ध्वनिफीत काढून टाकली. उरले नुसते कापडांचे ढीग, साठेबाजाने दडवलेल्या मालासारखे. त्यांच्या आधी दुकानाची रिकामी फळी, नंतर त्या आईचा रिकामा डबा, आणि डब्यावर लगेच ते हसणं.

जोडून झाल्यावर तिने यंत्र चालवलं आणि तिच्या अंगावर काटा आला. आपण काहीतरी फार चांगलं केलं आहे असं तिला वाटलं. तसं वाटलं होतं, हे तिला नंतर कधी विसरता आलं नाही.

कॅप्टनने तो तुकडा दोनदा बघितला. "आता राग येतो," ते म्हणाले, आणि शेंगदाण्यांची पुडी तिच्या टेबलावर ठेवून गेले.

आठ प्रती निघाल्या, डब्यांना मोहरा लागल्या आणि सिनेमाच्या गाड्या गावोगावी सुटल्या. दुसऱ्याच आठवड्यात स्वेद्रू गावची बातमी आली. फिल्ममध्ये तिथली एक तेलवाली चार सेकंद दिसते. खेळ संपल्यावर लोकांनी तिचं दुकान मोडलं, चौकात तिचं डोकं भादरलं आणि तिला ट्रकमध्ये घालून नेलं. कुठे नेलं ते कुणाला माहीत नव्हतं. चार सेकंदांत एवढं झालं, आणि एना ब्रूवा तर पावणेदोन मिनिटं होती.

त्यात सेलोर्म दारात येऊन उभा राहिला. "एनाचा निरोप आलाय. माझं चित्र कधी येणार म्हणून विचारतेय. सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय. मी काय सांगू तिला?"

"शुक्रवारी येतंय म्हणून सांग," आराबा म्हणाली. "आणि गाडीत माझी जागा धर. प्रेक्षकांचं मत नोंदवायला जातेय असं लिही."

प्रतीला हात लावणं शक्य नव्हतं. डबे मोहरबंद होते आणि समितीचा एक वहीवाला माणूस ते मांडीवर घेऊन बसे. पण एक वाट होती. फिल्मचं निवेदन इंग्रजीत, आणि गावात इंग्रजी कुणाला येतं? म्हणून प्रत्येक गाडीवर एक सांगणारा असतो. पडद्यावर चित्र चालू असताना तो कर्ण्यावरून लोकांच्या भाषेत गोष्ट सांगतो. लोक ऐकतात ते त्याचंच. या गाडीवर अंकल बेंट्सिल होता, तीस वर्षांचा मुरलेला गडी. खेडोपाडी लोक फिल्मपेक्षा त्याला ऐकायला जमत.

आराबाने वाटेत, गाडीचं चाक बदलताना, त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. आपण काय कापलं तेही सांगितलं.

"अंकल, ती दिसेल तेव्हा फक्त खरं सांगा. ती मासे विकते, कापड विकत नाही. ही तिची स्वतःची पेटी आहे, चाळीस वर्षांची. एवढंच."

बेंट्सिलने वहीवाल्याकडे पाहिलं. तो झाडाखाली पेंगत होता. "याला फान्ती येतं, बरं का. मला उद्या घरी बसवतील."

"मी पाया पडते तुमच्या."

"पाया कसल्या पडतेस! माझी आईही मासेच धुरवायची." त्याने पुन्हा एकदा झाडाखाली नजर टाकली. "सांगतो. जसंच्या तसं सांगतो. पण पोरी, तू कधी माझा खेळ बघितलायस का?"

"नाही."

"हं," एवढंच तो म्हणाला. चाक बसलं होतं, ड्रायव्हर हाका मारत होता.

सॉल्टपाँडला पोचल्यावर आराबा आधी मच्छीगल्लीत गेली. एना ब्रूवा दारातच कोळशाच्या इस्त्रीने निळं कापड कडक करत होती. भोवती चारपाच शेजारणी नटून बसल्या होत्या.

"एना, मी सेलोर्मच्या विभागातून आलेय. आज खेळाला नका येऊ," आराबा म्हणाली.

"का गं? पडदा फाटेल का माझ्या वजनाने?"

शेजारणी हसल्या.

"गर्दी फार होईल. त्रास होईल तुम्हाला."

"त्रास? अगं, मी सहा बाळंतपणं काढली. आणि तुझ्या अंगावरचं हे कापड कोणी घेतलं? कसं धुतेस ते, रंग उडालाय सगळा. तुझ्या आईने काही शिकवलं नाही वाटतं." एनाने तिचा दंड धरला. "तू माझ्याशेजारी बस. राजधानीची पाहुणी."

तेव्हाच सांगायचं होतं. मी कापलं, मी जोडलं, आत्ता पेटी घ्या आणि लेकीच्या गावी जा. चार वाक्यं होती. आराबाने तोंड उघडलं आणि ती "बरं" म्हणाली. भित्री माणसं वाईट असतात असं नाही, पण वाईट व्हायला त्यांना वेळ लागत नाही.

अंधार पडल्यापडल्या शाळेच्या मैदानावर खेळ सुरू झाला. निम्मं गाव लोटलं होतं. एना पुढच्या बाकावर निळ्या कापडात ऐसपैस बसली, शेजारी आराबा. पडद्यावर आधी कुठलासा गोदामवाला आला, पोट पट्ट्यावर ओघळलेलं. कर्ण्यातून बेंट्सिलचा हळवा आवाज आला:

"बघा हो बघा, गरीब बिचारा! तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही!"

मैदान हसून लोळलं. मग साखरेच्या पोत्यांवर बसलेला दलाल आला.

"हा तर देवमाणूस! साखर? कधी पाहिलीसुद्धा नाही याने!"

पुन्हा हशा. मागून कुणीतरी ओरडलं, "हाणा त्या देवमाणसाला!"

आराबाला आत्ता कळलं. बेंट्सिल उलटं बोलायचा. तीस वर्षं तो सरळ चेहऱ्याने उलटंच बोलत आला होता, आणि लोकही तीस वर्षं ते उलट करूनच ऐकत आले होते. ती उठली. गाडीकडे जायला हवं होतं, पण मधे मुलाबाळांसकट शेकडो माणसं दाटीने जमिनीवर बसली होती, आणि पडद्यावर रिकामी फळी आली होती.

"खाली बस की! दिसत नाही!" मागून आवाज आला.

कापडांचे ढीग आले. गर्दीतून एक हुंकार उठला.

बेंट्सिलचा आवाज बदलला होता. तो खरंच बदलला होता, आराबाला ते जाणवलं. त्यात मस्करी नव्हती. "ही आपली एना ब्रूवा. ही कापड विकत नाही. ही मासे विकते. ही तिची स्वतःची पेटी आहे. चाळीस वर्षांत एकेक करून जमवलेली."

मग हास्याचा असा लोट आला की पडदा हलला.

"चाळीस वर्षं! ऐकलं का, चाळीस वर्षं!"

"एकेक करून! अरे वा रे एकेक!"

"ही बाई प्रामाणिक आहे," बेंट्सिल म्हणाला. त्याचा आवाज आता कापत होता. "देवाशपथ सांगतो, प्रामाणिक आहे."

लोक मांड्या बडवायला लागले. त्याचा कापरा आवाज ही त्यांना आजवरची सगळ्यात बहारीची नक्कल वाटली. पडद्यावर त्या तरुण आईने रिकामा डबा उलटा केला, आणि डब्यावर एना ब्रूवा हसली, सगळे दात दिसेपर्यंत. तेव्हा मात्र हशा थांबला. मैदानात कुणी हसेना. ती शांतता आराबाने स्वतः, पाव सेकंदाच्या हिशेबाने, जुळवून ठेवली होती.

"माझी पेटी कुठाय?" एनाने पडद्याकडे बघत विचारलं. "माझं बोलणं कुठाय? आणि त्या रिकाम्या डब्याच्या पोरीला मी हसतेय असं का दिसतंय?"

मागच्या अंधारात माणसं उठून उभी राहत होती. वहीवाला गाडीला टेकून काहीतरी लिहीत होता, आणि त्याने कौतुकाने बेंट्सिलची पाठ थोपटली. दहाबारा जण मच्छीगल्लीच्या दिशेने निघाले, मग तीसएक. संध्याकाळी दारात नटून बसलेल्या बायकांपैकी एकीने एनाकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि बाकावरून थोडी दूर सरकली. त्या बाईने ती पेटी पन्नासदा तरी पाहिली असेल. स्वतःच्या लेकीच्या बारशाला तिने त्यातलंच कापड नेसायला मागून नेलं असेल.

"माझ्या घराकडे का चाललेत हे?" एनाने आराबाचा हात घट्ट धरला. "पोरी, तू त्यांच्यातली ना? जा, त्या कर्णेवाल्याला सांग. खरं काय आहे ते लोकांना सांग म्हणावं."

"तो खरंच सांगतोय, एना," आराबा म्हणाली. "खोटं मी आधीच सांगून ठेवलंय."

एनाने ते ऐकलं. तिने आराबाचा हात सोडला, निळं कापड छातीशी आवळून धरलं आणि गल्लीच्या तोंडाशी हलू लागलेल्या कंदिलांकडे बघत ती बाकावर तशीच बसून राहिली.