अर्धवट चिठ्ठ्या

पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामातून तक्रार आली, तेव्हाच चूक माणसाचीच, असा मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळी झाले होते. चौदा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले की माणूस असा आगाऊ होतो. आठवड्यापूर्वी तिथली हिरव्या अक्षरांची जुनी यंत्रं काढून नवे कॉम्प्युटर बसवले होते. आतला कारभार मात्र जुनाच. नव्या पडद्यावर जुन्या यंत्राचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम टाकला होता. सहा जण त्यावर बिनतक्रार काम करत होते. सातवे म्हणजे काका. त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांच्या चिठ्ठ्या अर्धवट निघत होत्या. भागाचा नंबर असायचा, नग किती ते गायब. दोष यंत्राचा की माणसाचा, ते आजच ठरवा, असं गोदामाच्या साहेबांनी मला बजावलं. माणसाचा असेल तर काकांना घरी बसवावं लागणार होतं.

काका साठीच्या जवळ आलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, टेबलावर धुळीचा कण नाही. कानाला फोन लावून मागणी ऐकायची, ती मोठ्याने परत म्हणायची आणि चिठ्ठी भरायची, हे त्यांचं काम. मी विचारलं, चिठ्ठीतली एक चौकट भरली की कुठलं बटण दाबता?

"ते मला नको विचारूस पोरी, बोटांना विचार."

माझं डोकं सटकलं. असली उत्तरं ऐकायला मी दोन बस बदलून आले नव्हते. पण विचारलं बाई बोटांना. प्रत्येक बटणामागे प्रोग्रॅमला काय समजतं, याची नोंद ठेवायची सोय सुरू केली आणि काकांना काम करू दिलं. हात असे चालत होते की बघत राहावं. प्रत्येक चौकटीनंतर ते उजव्या कोपऱ्यातलं मोठं बटण करंगळीने दाबत. नोंद पाहिली आणि मी जीभ चावली. जुन्या यंत्रावर त्या बटणाचा अर्थ होता, पुढच्या चौकटीत जा. नव्या प्रोग्रॅमने त्याचा अर्थ लावला होता, चिठ्ठी पाठवून दे. बाकीच्या सहा जणांनी पहिल्याच दिवशी पडद्यावरून चिठ्ठी नाहीशी होताना पाहिली आणि निमूटपणे दुसरं बटण वापरायला लागले. तक्रार कोण करत बसतो?

मग काकांनी का नाही वापरलं, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पण चोर सापडल्याच्या आनंदात तो राहून गेला. त्या एका बटणाचा अर्थ मी बदलला. दहा मिनिटांचं काम. काका पुन्हा फोनवर मागण्या घेऊ लागले. मी मागच्या वायरी आवरायला टेबलामागे वाकले, तर कोपर लागून पडद्याची वायर निसटली. पडदा काळाठिक्कर झाला.

काका टाइप करतच राहिले.

मी वायर हातात धरून तशीच वाकलेली. एक चिठ्ठी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. प्रिंटरमधून तिन्ही बाहेर आल्या. नंबर बरोबर, नग बरोबर.

"काका, पडदा बंद आहे," मी हळूच म्हणाले.

त्यांचे हात थांबले. फोन त्यांनी चाचपडत जागेवर ठेवला. मग सांगितलं. दोन वर्षांपासून नजरेच्या मधोमध धुकं होतं, आता फक्त कडा उरल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. काकू गेल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतं.

"घरी बसलो तर मी नुसता आंधळा म्हातारा. इथे बसलो की काका."

मला भरून आलं, आणि मघाच्या माझ्या तोऱ्याची लाजही वाटली. मी म्हटलं, दोष यंत्राचा होता, तो काढला, एवढंच लिहिते. बाकीची मूठ झाकलेलीच राहू द्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आधी सांगितलं असतं तर, ते म्हणाले, एकूण एक चूक त्यांच्या डोळ्यांच्या माथी मारली गेली असती.

"चूक माझी नव्हती हे ठरलं ना? मग आता सांगता येईल. तू फक्त बरोबर चल."

साहेब काकांच्याच हाताखाली तयार झालेले, वयाने माझ्याएवढे. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मी बटणाची भानगड समजावली, त्या तीन चिठ्ठ्या पुढे ठेवल्या आणि चिठ्ठी गेली की आवाज होईल अशी सोय करता येते, तेही सांगितलं. साहेब चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. काका माझ्याकडे कलले.

"पोरी, चेहरा कसा आहे त्यांचा?"

कुजबुज साहेबांनी ऐकली. ते टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

"हसतोय, काका. उद्या आठला या."

साहेबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. काकांनी मान माझ्याकडे वळवली, खरं का, म्हणून.

"हो काका," मी म्हणाले, "हसतायत."