पुढचा तुझा, मागचा माझा

मी एक जुना ट्रक आहे आणि मित्रांनो, मी फार वैतागलो आहे. आपली जीवनकहाणी शांतपणे सांगावी असं म्हणतात. मला ते जमेल असं वाटत नाही, तरी ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि उमेदीची वर्षं फौजेत डोंगर चढण्यात गेली. तिथं वेळच्या वेळी तेल मिळायचं, ग्रीस मिळायचं. मग लिलाव झाला आणि मी कंधारच्या पुढं एका वस्तीवर आलो. मला घेणारे दोघं सख्खे भाऊ, थोरले रामकिशन आणि धाकटे दयानंद. दोघंही मनानं चांगले आहेत, तेच तर दुखणं आहे. वाईट असते तर निदान मनातल्या मनात शिव्या घालता आल्या असत्या.

माझी चारही चाकं ओढतात, म्हणून काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की लोक मलाच बोलवायचे. रामकिशन माझ्यातून शेतातलं सोयाबीन बाहेर काढायचे, दयानंद अहमदपूरच्या मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल न्यायचे. पण माझं खरं काम सकाळचं. वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नाला आहे. एसटी नाल्याच्या पलीकडूनच निघून जाते. म्हणून रामकिशन यांच्या पत्नी तारामती मला चालवायला शिकल्या आणि वस्तीवरच्या पोरींना शाळेसाठी एसटीपर्यंत सोडू लागल्या. त्यातली गीतांजली दहावीत होती. तिच्या वडिलांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "गाडी हाय तोवर शाळा. पोरीला मी नाल्यातून चालत धाडणार न्हाई."

मग एके दिवशी भरल्या ओझ्यानं माझ्या मागच्या एक्सलमधल्या, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या आसातल्या, दातेरी चाकांचे दात गेले. पुढचा एक्सलही म्हातारा झालाच होता. दोन्ही बदला, असं सटवाजी मिस्त्रींनी सांगितलं. आणि इथून माझ्या नशिबाचे फेरे सुरू झाले.

एक्सलच्या पोटात एक लहान दातेरी चाक मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. त्यांच्या दातांचा हिशेब एका तऱ्हेचा असला तर गाडी हळू जाते पण जोरात ओढते. दुसऱ्या तऱ्हेचा असला तर पळते, पण ओढताना धापा टाकते. रामकिशनना ओढणारा गिअर हवा होता, दयानंदना पळणारा.

"शेतात रुतल्यावर तुझी पळणारी गाडी काय करील रे दया?"

"अन् मोंढ्यावर सगळ्यात शेवटी पोचल्यावर मी काय माशा मारू का दादा?"

हे किती दिवस चाललं म्हणून सांगू! मी अंगणात दगडांवर उभा, चाकं काढलेली, वर कोंबड्या बसलेल्या. पोरी घरी. आणि हे दोघं चहा पीत माझ्याच सावलीत बसून भांडतात.

त्याच वर्षी दोघांच्या शेताची वाटणी झाली होती. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या होत्या. गोठा मधोमध भिंत घालून वाटला होता. एकदा वाटायची सवय लागली की माणसाला काहीही वाटता येतं. शेवटी दयानंद म्हणाले, "जाऊ द्या दादा. पुढचा एक्सल माझा, मागचा तुमचा." रामकिशन म्हणाले, "हाव, हे बराबर हाय." आणि दोघंही खूश झाले. मला कुणी विचारलं नाही.

रामकिशन नांदेडच्या भंगार बाजारातून मागचा एक्सल घेऊन आले, ओढणारा. दयानंद लातूरहून पुढचा घेऊन आले, पळणारा. सटवाजी मिस्त्रींनी मुकाट्यानं दोन्ही बसवले. गावानं नारळ फोडला, हार घातला.

दुसऱ्या दिवशी पोरी मागं बसल्या. कौतुकानं दोघं भाऊही चढले. नाल्याशी आल्यावर तारामतींनी दांडी ओढून इंजिनाचा जोर चारही चाकांना जोडला. मित्रांनो, तुमचा एक पाय धावायला निघाला आणि दुसरा चालायला, तर तुमचं काय होईल? पुढची चाकं म्हणतात चल, मागची म्हणतात थांब. इंजिनाचा जोर चाकांकडं नेणारा माझा लांब दांडा मध्ये पिळवटत गेला आणि नाल्याच्या खडकावर काडकन तुटला. मी पाण्यात बसलो. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

आणि दोघं भाऊ तिथं, गुडघाभर पाण्यात, भांडायला लागले. "तुझा पुढचा खराब हाय!" "तुमचा मागचाच भंगार हाय!"

गीतांजली दप्तर डोक्यावर धरून उभी होती. ती म्हणाली, "काका, मग मी कोणाच्या वाटणीत बसू?"

तिला त्या दिवशी घरी चालत जावं लागलं आणि तिच्या वडिलांनी शब्द खरा केला. बाकीच्या पोरी पाणी उतरल्यावर दगडांवरून जाऊ लागल्या. ती काही आली नाही.

मला ओढून सटवाजींच्या गॅरेजवर नेलं. ते म्हणाले, "दोन्हीकडचा गेर सारखाच लागतो हो."

"मग आधी कामून न्हाई सांगितलं?" तारामतींनी विचारलं.

"मला वाटलं, घरातली वाटणी हाय. भावाभावाच्या मधात मी कशाला पडू?"

घ्या! तोंड उघडण्यासारखी एकच गोष्ट होती, ती या माणसानं गिळून टाकली.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. पण म्हणतात ना, तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना. रामकिशनना वाटलं, धाकट्याचं मन मोडायला नको. ते गुपचूप नांदेडला जाऊन मागचा एक्सल बदलून पळणारा घेऊन आले. दयानंदना वाटलं, दादा बापाच्या जागी. ते गुपचूप लातूरला जाऊन पुढचा बदलून ओढणारा घेऊन आले.

दोघं एकाच सकाळी गॅरेजवर उतरले. आता पुढचा ओढणारा आणि मागचा पळणारा. म्हणजे तोच घोळ, फक्त उलटा. सटवाजी कपाळाला हात लावून टायरवर बसले.

तारामतींनी दोघांकडं पाहिलं. "तुमचं भांडण परवडलं," त्या म्हणाल्या, "ही माया न्हाई परवडायची. तिकडं एक पोरगी घरात भाकरी थापून राहिली अन् तुम्ही इकडं एकमेकाला गेर भेट देऊन राहिले."

"वैनी, मग कोणता ठिवायचा?" दयानंदनी हळूच विचारलं.

"नाला पार करणारा, भावजी. दुसरं काय?"

त्यांनी मागचा एक्सल टेंपोत घातला, दोघांना सोबत घेतलं, नांदेडला गेल्या आणि ओढणारा बदलून आणला. येताना म्हणे दोघं भाऊ एका पुड्यातले शेंगदाणे खात होते. सटवाजींनी तो बसवला आणि तुटलेला दांडाही बदलला.

आता मी डांबरी रस्त्यावर म्हशीसारखा चालतो. दयानंद कुरकुरत नाहीत असं नाही. पण नाला मी एका दमात चढतो.

पोरी परत आल्या. गीतांजली मात्र येईना. तारामती रोज तिच्या दारापुढं थांबून हॉर्न वाजवायच्या. आज सकाळी तिचे वडील बाहेर आले आणि म्हणाले, "आधी मला बसू द्या." ते एकटेच माझ्यात बसले. नाला पार केला, परत आले. उतरून त्यांनी माझ्या पुढच्या चाकाकडं पाहिलं, मागच्या चाकाकडं पाहिलं. मग दाराकडं वळून हाक मारली, "गीता, दप्तर भरून ठिव. उद्यापासून जा."

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. यंत्रांची निगा राखा, त्यांना तेलपाणी द्या, आणि काही बदलायचं असेल तर आधी एकमेकांशी बोला. आणि तुमच्यापैकी कुणी या वस्तीवरचं असेल तर आज संध्याकाळी माझ्या दोन्ही एक्सलचं तेल तेवढं बघा रे, उद्या गीतांजली येणार आहे. दोघांनी नको, एकानंच बघा. नाहीतर हाही म्हणेल त्यानं बघितलं असेल, तोही म्हणेल यानं बघितलं असेल.