मशीनची खुशाली

“नाना, मशीन गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे,” रुपचंद तिसऱ्यांदा म्हणाला, तरी लीलाधर नाना खुर्चीवर टेकेनात. त्यांच्या टेबलावर आज एकही मेल नव्हती.

सत्त्याण्णव साल होतं. धुळ्याच्या त्या दूध संघात संगणक येऊन वर्षच झालं होतं. मोठा सर्व्हर रात्रभर काम करी आणि पहाटे आपणहून मेल पाठवी: बॅकअप झाला, डिस्क ठीक, प्रिंटर ठीक. व्यवस्थापक नानांचा जन्म फायलींत गेलेला. प्रत्येक मेल छापून, आवक क्रमांक घालून, ‘पाहिले’ अशी सही केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. प्रिंटरचा कागद संपत आल्याची मेलसुद्धा ते कागदावर छापून मागत. आता बोला.

कागदाची शेवटची पेटी उरली तसा रुपचंद धास्तावला. तो हंगामी नोकर. शनिवारी गावोगावची दूधबिलं छापली गेली नाहीत तर कुऱ्हाड पहिली त्याच्यावरच पडणार. म्हणून काल संध्याकाळी त्याने मशीनला नवी आज्ञा दिली होती: काही बिघडलं तरच मेल पाठव. रात्री त्याला छान झोप लागली.

“ठीक असेल तर तसं सांगायला काय झालं त्याला?” नाना म्हणाले. “आमची अक्का भुसावळला एकटी राहते. दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकते, सर्व खुशाल म्हणून. एकदा कार्ड आलं नाही, तशी मी पहिली गाडी धरली. अक्का न्हाणीत पाय मोडून पडलेली. ती काय कार्ड टाकणार होती, मी पडले म्हणून?”

रुपचंद धावतच संगणकाच्या खोलीत गेला. बॅकअपची टेप मध्येच अडकून मशीन रात्रीच आडवं झालं होतं. बिघाड कळवण्याइतकीही शुद्ध त्याला नव्हती. नशीब, दुधाच्या नोंदी शाबूत होत्या. दुपारपर्यंत त्याने ते उभं केलं. नाना रागावले नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

“रोज एकच मेल येईल, नाना. एका ओळीची. पण ती पडद्यावरच वाचायची.”

नानांनी जरा विचार केला. “मग सही कुठं करू?”

“कॅलेंडरवर करा, त्या त्या तारखेवर.”

नानांना ते पटलं.

संध्याकाळी घरी जाताना रुपचंद एसटीडी बूथपाशी थांबला. पारोळ्याजवळच्या त्याच्या गावात एकट्या किराणा दुकानात फोन होता, आणि आजवर त्यावर वाईटच निरोप आले होते. दुकानदाराने हाक मारली तशी त्याची आई, भिकुबाई, धापा टाकतच आली.

“काय व्हयनं रे भाऊ?”

“काहीच नही व्हयनं, माय. बठ्ठं बरं शे,” रुपचंदने खुशाली सांगितली.

“मंग फोन कसाले कया?”

“तेच सांगाले.”

पलीकडे ती दुकानदारालाही तेच सांगताना ऐकू आली. बूथमधलं मीटर पळत होतं. रुपचंदने ते पळू दिलं.

“मी बी बरी शे,” भिकुबाई म्हणाली.